दुसऱ्या प्रतीचे काय झाले?

संगणकीय व्यवस्थांविषयी बोलताना आपण दोनच अवस्था गृहीत धरतो. संकेतस्थळ उघडले तर ते चालू, न उघडले तर बंद. वाचकाच्या बाजूने पाहता तिसरी अवस्था असण्याचे काही कारणही दिसत नाही. परंतु ज्या यंत्रांवर आज आपली नियतकालिके, कोश आणि संशोधकांचे प्रबंध साठवलेले आहेत, त्यांच्या बाबतीत एक तिसरी अवस्था असते आणि खरा धोका बहुतेक वेळा तिच्यात दडलेला असतो, असे माझे मत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात पडू नये असे कोणी म्हणेल. मात्र संहिता कुठे आणि कशा टिकतात हा आपल्याच शास्त्राचा प्रश्न आहे. केवळ भूर्जपत्राच्या जागी तबकडी आली म्हणून तो अभियंत्यांच्या हवाली करून मोकळे होणे मला पटत नाही.

माहिती साठवण्याची जबाबदार व्यवस्था सहसा एकाच सर्व्हरवर विसंबत नाही. दोन किंवा अधिक सर्व्हरांचा गट केलेला असतो. त्याला क्लस्टर म्हणतात. त्यांतील एक मुख्य. लिहिणे, पुसणे, बदलणे सारे त्याच्यावर होते. दुसरा त्याची प्रत क्षणोक्षणी उतरवून घेत बसलेला असतो. मुख्य सर्व्हर कोलमडला की कार्यभार दुसऱ्याकडे सोपवला जातो. यालाच फेलओव्हर म्हणतात, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत 'अखंड सेवा' म्हणून मिरवले जाते ते हेच. मात्र कार्यभार एकदा सोपवला गेला की मागे दुसरे कोणी उरलेले नसते, हे त्या पत्रकांत नसते. किंवा उलट घडते: मुख्य सर्व्हर ठणठणीत असतो, पण प्रत उतरवून घेणारा मागे पडतो आणि गळून जातो. दोन्ही प्रसंगी संकेतस्थळ व्यवस्थित उघडते, वाचकाला काही जाणवत नाही. व्यवस्था चालू असते. दुसरा आघात सोसण्याची तिची क्षमता तेवढी संपलेली असते. ती क्षमता परत आणणे हे स्वतंत्र आणि जोखमीचे काम आहे.

किती जोखमीचे, हे गिटलॅब या कंपनीच्या एका प्रसंगावरून कळते. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले लेखन जिथे ठेवतात आणि एकमेकांच्या लेखनावर टिप्पणी करतात, अशी ही जागा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या मुख्य डेटाबेसवर अकस्मात भार वाढला. दुसरा सर्व्हर प्रत उतरवताना मागे पडू लागला. मुख्य सर्व्हर आपल्यातील प्रत्येक बदल एका रोजनाम्यात टिपतो आणि दुसरा तो रोजनामा वाचून आपली प्रत अद्ययावत ठेवतो. जुनी पाने मुख्य सर्व्हर काही काळाने काढून टाकतो. इथे दुसऱ्याने वाचण्यापूर्वीच ती काढली गेली, आणि पाने वेगळी जपून ठेवण्याची सोय केलेली नव्हती. म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरचे सारे पुसून संपूर्ण प्रत मुळापासून उतरवणे एवढाच मार्ग राहिला.

रात्र बरीच झाली होती. दिवसाचे काम आटोपण्याच्या बेतात असलेला एक अभियंता ही जोडी पुन्हा जुळवण्यासाठी थांबला. प्रत उतरवण्याची आज्ञा त्याने दिली. ती काही बोलेना. वस्तुतः ती आज्ञा मुख्य सर्व्हरकडून माहिती येण्याची वाट पाहत शांत बसते, पण हे कंपनीच्या कार्यपुस्तिकेत लिहिलेले नव्हते आणि त्या साधनाच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हते. आधीच्या प्रयत्नांतले काही अवशेष आड येत असतील, असा तर्क करून त्याने दुसऱ्या सर्व्हरवरची साठवण पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट शिल्लक होते.

त्या रात्री मुख्य सर्व्हर बिघडलाच नव्हता, हे इथे लक्षात घ्यावे. भार होता, संथपणा होता. पण नाश झाला तो संरक्षण परत आणण्याच्या प्रयत्नात.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. रोज होणारा बॅकअप शोधला तर ठरल्या जागी काहीच नव्हते. बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या ९.६ या आवृत्तीसाठी ९.२ ही जुनी आवृत्ती वापरू पाहत होते आणि दररोज अपयशी ठरत होते. या अपयशाची सूचना देणारी ईमेल निघत होती, पण योग्य प्रमाणन नसल्यामुळे ती स्वीकारली जात नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती एक आनुषंगिक प्रत. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या एका चाचणीसाठी कोणीतरी हाताने काढून ठेवलेली. तिच्यावरून सारे उभे करायला अठराएक तास लागले, कारण ती मंद गतीच्या तबकड्यांवर होती. मधल्या सहा तासांतील निदान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि सुमारे ७०० नवी खाती मात्र परत आली नाहीत. खुद्द प्रोग्रॅमांच्या संहिता वेगळ्या ठिकाणी होत्या, त्या वाचल्या.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते कंपनीनेच सविस्तर लिहून प्रसिद्ध केले म्हणून. दुरुस्ती चालू असताना तिचे थेट प्रक्षेपणही झाले. त्या अहवालात संबंधित अभियंत्याचे नाव नाही. तो नुसता 'पहिला सहकारी' आहे. काहींना यात जबाबदारी टाळण्याचा वास येईल. मला तसे वाटत नाही. नाव आले असते तर वाचकाचे समाधान त्या नावावर झाले असते आणि न पोचणारी ईमेल, गप्प बसणारी आज्ञा, कधीच न तपासलेला बॅकअप हे सारे तळटिपेत गेले असते. आपल्याकडच्या चौकशी अहवालांची भाषा आठवून पाहावी. 'संबंधितांवर कारवाई करण्यात आली आहे' या कर्मणी वाक्यात दोषही हरवतो आणि कारणही. इथे नाव झाकून कारण उघडे ठेवले आहे, हा मला गद्याचाही गुण वाटतो.

जोडीची प्रत आणि जपलेली प्रत यांतला फरकही या प्रसंगाने स्पष्ट होतो. दुसरा सर्व्हर मुख्याचे तंतोतंत अनुकरण करतो, म्हणून त्याच्या चुकाही तो तितक्याच निष्ठेने उतरवतो. मुख्याच्या डेटाबेसमधून एखादी नोंद पुसली की थोड्याच वेळात ती त्याच्याकडूनही नाहीशी होते. जुन्या लेखकूंच्या चुका निदान स्वतंत्र असत. एकाने गाळलेली ओवी दुसऱ्याच्या पोथीत सापडे, आणि या स्वातंत्र्यावरच पाठचिकित्सेचे शास्त्र उभे आहे. गिटलॅबला तारणारी प्रत सहा तास मागे राहिलेली होती. किंबहुना मागे राहिली होती म्हणूनच ती तारू शकली.

पण पाठभेदाची ही तुलना फार ताणता येत नाही, आणि त्याचे कारण गिटहब या दुसऱ्या, अशाच प्रकारच्या कंपनीच्या प्रसंगात सापडते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी एक सदोष उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तिच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क अवघी ४३ सेकंद तुटला. देखरेख करणाऱ्या प्रणालीने आपल्या परीने योग्य तेच केले: बहुमत घेतले आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे सोपवले. पण पूर्वेकडे त्या क्षणी जे लिहिले गेले होते ते पश्चिमेला पोचलेले नव्हते, आणि पश्चिमेकडे आता नवे लिहिले जाऊ लागले होते. एका संहितेच्या दोन शाखा झाल्या. परत पूर्वेकडे जावे तर पश्चिमेचे लेखन बुडणार. पश्चिमेलाच राहावे तर खंडाच्या दोन टोकांमधील विलंबाने सेवा रखडणार. सर्वांत वर्दळीच्या एका क्लस्टरमध्ये अशा सुटलेल्या नोंदी ९५४ निघाल्या. त्यांतल्या कोणत्या यंत्राने जुळवता येतील आणि कोणत्यांसाठी वापरणाऱ्यांनाच विचारावे लागेल, हे तपासत बसावे लागले. ४३ सेकंदांच्या खंडाने सेवा २४ तास ११ मिनिटे खालावलेली राहिली, कारण कंपनीने वेगापेक्षा संहितेची शुद्धता वरची मानली.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिथे नाकारलेले पाठही तळाशी छापले गेले. ते अभ्यासाचे धन ठरले. डेटाबेसला तळटीप नसते. एका खात्यात एकाच वेळी दोन शिलका असू शकत नाहीत. एक पाठ निवडावाच लागतो, आणि दुसरा ज्याने लिहिला त्याला त्याचे काय झाले ते सांगावे लागते.

मग जोडी शाबूत आहे हे कळावे कसे? मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी याचे उत्तर नकळत पाहिलेले असेल. विकिमीडिया प्रतिष्ठान मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, आपला कार्यभार व्हर्जिनिया आणि टेक्सास या राज्यांतील दोन डेटा सेंटरांमध्ये मुद्दाम आलटून-पालटून हलवते. काही मिनिटे लेख वाचता येतात, संपादित करता येत नाहीत. वर तशी सूचना झळकते. कित्येक संपादकांना ती कटकट वाटते. परंतु काहीही बिघडलेले नसताना, ठरवून, जागेपणी केलेल्या या बदलामुळेच दुसरे केंद्र खरोखर काम करू शकते की नाही हे कळते.

याउलट २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणुकीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा आहे या कारणास्तव तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढारलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

आपल्या महाविद्यालयांत, ग्रंथालयांत, साहित्यसंस्थांत आता दुर्मिळ अंकांचे संगणकीकरण होते, त्याचे समारंभ होतात, किती पाने झाली याचे आकडे वाचून दाखवले जातात. त्या समित्यांवर मराठीचे अध्यापक हटकून असतात आणि तांत्रिक बाब आली की ते नम्रपणे गप्प बसतात. माझा आक्षेप या नम्रतेला आहे. सर्व्हरची रचना आपल्याला कळण्याची गरज नाही. पण चार प्रश्न साध्या मराठीत विचारता येतात. दुसरी प्रत कुठे आहे? ती पहिलीचे नुसते अनुकरण करते की वेगळी जपलेली आहे? ती उघडून शेवटचे केव्हा वाचून पाहिले? आणि यापूर्वी कधी कार्यभार तिच्यावर गेला असेल, तर पहिले यंत्र पुन्हा जोडीला लावले का, की दुरुस्तीचे देयक मंजूर व्हायचे आहे म्हणून ते अजून कपाटात आहे? उत्तरे तारखांसह मागावीत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. 'सगळे चालू आहे, सर' हे यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हे.