हायड्रोजन स्वस्त होईल, पण ॲसिडचे काय?

हरित हायड्रोजन महाग पडतो तो मुख्यतः विजेच्या बिलामुळे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. ऋणाग्रावर हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. घोडे अडते ते धनाग्रावर. तिथे पाण्यातून ऑक्सिजन सोडवण्याची क्रिया अतिशय संथ असल्याने जास्तीचे व्होल्टेज द्यावे लागते. एवढे करून मिळालेला ऑक्सिजन बहुतेक ठिकाणी हवेतच सोडून देतात!

म्हणून धनाग्रावर अल्कोहोल वापरण्याची कल्पना पुढे आली. इथेनॉलचे ऑक्सिडीकरण खूपच कमी व्होल्टेजवर होते. हायड्रोजन मिळत राहतो आणि ऑक्सिजनऐवजी ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, तयार होते. दोन वायू मिसळून स्फोट होण्याची भीतीही उरत नाही. विजेतला फरक मोठा आहे. घट १.९ व्होल्टवर चालला तर किलोमागे सुमारे ५० युनिट जातात, १ व्होल्टवर चालला तर जेमतेम २७. उरलेली ऊर्जा अर्थात फुकट येत नाही, ती इथेनॉलमधूनच येते. इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरून अशी बचत प्रयोगशाळेत करून दाखवली. पॅलेडियम मात्र महाग. स्वस्त निकेलवर काम होते, पण त्याला व्होल्टेज जास्त लागते आणि बचत घटते.

खरी अडचण मात्र उत्प्रेरकाची नाही, बाजाराची आहे. या पद्धतीने एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे साडेअकरा किलो इथेनॉल लागते आणि सोबत १५ किलो ॲसेटिक ॲसिड तयार होते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. ते सगळे असे गाठायचे म्हटले तर साडेसात कोटी टन ॲसिड हाती येईल. साऱ्या जगाची गरज वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास! शिवाय साखर कारखान्यांच्या इथेनॉलवर पेट्रोलमधील मिश्रणाचा हक्क आधीच लागलेला आहे. त्यात, हे घट बहुधा अल्कधर्मी द्रावणात चालत असल्याने हाती येतो तो ॲसिडचा क्षार. त्यातून ॲसिड वेगळे काढण्याचा खर्च निराळाच.

ग्लिसरीनचे गणित त्या मानाने बरे आहे. १०० किलो बायोडिझेलमागे सुमारे १० किलो ग्लिसरीन उरते आणि अशुद्ध असल्याने त्याला भाव कमी मिळतो. त्यापासून फॉर्मिक ॲसिड किंवा सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे डायहायड्रॉक्सीॲसिटोन मिळू शकते. पण एकाच वेळी अनेक पदार्थ तयार होतात आणि नेमका हवा तोच मिळवणे अजून कठीण आहे.

त्यामुळे पोलाद किंवा खतांच्या कारखान्यांची हायड्रोजनची भूक या मार्गाने भागेल, असे म्हणणे घाईचे ठरेल. जिथे असे रसायन मुळातच विकत घेतले जाते आणि थोडा हायड्रोजनही लागतो, अशा मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यांत मात्र त्याला जागा आहे. तिथे हायड्रोजन हेच उपउत्पादन ठरेल.