विसरणं वयाचं की विडीचं?

"सूनबाई, दूधवाल्याचे पैसे दिले का गं?" एका सकाळी अप्पांनी हे मला चौथ्यांदा विचारलं आणि माझा तोल गेला. "किती वेळा सांगू?" असं मी चांगलंच जोरात म्हटलं. अप्पा गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून बोचतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. अडतीच्या दुकानात उभा जन्म मुनीम म्हणून काढलेला. पावकी-निमकी तोंडपाठ, कागद न घेता हिशोब करायचे. आणि विडी? दिवसाला एक बंडल, चाळीस वर्षं! पहाटे त्यांचा खोकला सुरू झाला की आम्ही उठायचो, घरात गजराची गरजच नव्हती. दम लागतो? वय झालं. विसरतात? वय झालं. सगळं वयाच्या खात्यावर मांडून आम्ही मोकळे.

मग एका थंडीत सर्दी-तापाचं निमित्त झालं. भर दुपारी ते "रात्र झाली, दिवे लावा" म्हणू लागले. नातवालाच "तू कोणाचा रे?" विचारलं. डॉक्टरांनी बोटाला ते कोरोनापासून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं यंत्र लावलं. ऑक्सिजन ८४! निरोगी माणसाचा ९५ च्या वर असतो. दवाखान्यात ठेवावं लागलं. बरं वाटल्यावर जिल्ह्याच्या गावी नेऊन नळीत जोरात फुंकर मारायची तपासणी केली, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. आजाराचं नाव निघालं सीओपीडी.

मी कला शाखेची पदवीधर, शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं ते पक्कं डोक्यात बसलं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण प्राणवायू मात्र सुमारे २० टक्के त्याला एकट्याला लागतो. फुप्फुसं निकामी होत गेली की पहिला तुटवडा त्यालाच जाणवतो. काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. मग सकाळी डोकं दुखतं, दिवसा झापड येते, माणूस गोंधळतो. शिवाय विडी-सिगारेटचा धूर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करतो, तो वेगळाच. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत धूम्रपानही आहे आणि हवेचं प्रदूषणही.

अप्पांचं सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. विडी सुटली, पण रडत-भांडत. आता घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे. ते चालू असताना जवळ विडी, चूल, देवापुढचं निरांजनसुद्धा चालत नाही, याची आठवण मला सगळ्या घराला द्यावी लागते. पंप ओढला की नाही हेच त्यांना आठवत नाही, म्हणून मी कॅलेंडरवर फुली मारते. ज्याला विसर पडतोय त्याच्याच आठवणीवर औषध सोडायचं, ही आपल्या घरांतली मोठी चूक. दूधवाल्याचा हिशोब अजून चुकतो, पण नातवाला ते नावाने हाक मारतात.

आणि मैत्रिणींनो, हे फक्त पुरुषांचं दुखणं आहे असं समजू नका. आमच्या बचत गटात एक मावशी आहेत. विडीला कधी हात लावला नाही, पण लग्न झाल्यापासून पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक. फुंकणीने चूल फुंकता फुंकता त्या धुराने त्यांचीही छाती भरली. गॅस आला, पण सिलिंडर महाग म्हणून आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. हल्ली त्या पासबुक कुठे ठेवलं ते विसरतात, हप्ता भरला तरी पुन्हा पैसे काढतात, आणि बाकीच्या हसतात. मीही हसले असते, अप्पांचं झालं नसतं तर.

मी त्यांच्या मुलाला सांगितलं, एकदा फुप्फुसांची तपासणी करून आण. तो म्हणाला, "ताई, आईला काय धाड भरलीय? ती कुठे विड्या ओढते?" येत्या मंगळवारी मीच त्यांना एसटीने घेऊन चालले आहे. सकाळी सातची गाडी आहे. त्या विसरतील, म्हणून साडेसहाला त्यांच्या दारात जाऊन उभी राहणार आहे.