माशी शिंकली!

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी पणजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. इंग्लिश, शंभरी ओलांडलेली, सध्या बाबांच्या लायसन्सवर. यंदा गणपतीत गेलो तर नळीच्या टोकावरची माशी गायब! (माशी म्हणजे नेम धरताना पुढे दिसणारा पितळेचा मणी. ज्वारीच्या दाण्याएवढा.)

झालं, घरातले सगळे तज्ज्ञ जागे झाले. काका म्हणाले, "तू इंजिनीयर ना? एक स्क्रू पिळायला काय लागतं?" आतेभाऊ म्हणाला, डाख देऊन टाक. पुण्याच्या मित्राचा सल्ला: हिरवी चमकणारी फायबर ऑप्टिक माशी बसव, मस्त दिसेल.

मंडळी, माझं भांडण या "काय लागतं"शीच आहे.

स्क्रूचं बघा. माशीचा एक नेहमीचा अमेरिकन आटा आहे 6-48. जाडी साधारण 3.5 मिमी, इंचाला 48 आटे, म्हणजे पिच 0.53 मिमी. आपल्याकडच्या 3.5 मिमी मेट्रिक स्क्रूची पिच 0.6. दोन फेरे आत जातो, मग अडकतो. आपण जोर लावतो आणि भोकातले आटे कापले जातात. त्यात जुन्या इंग्लिश बंदुकीचा आटा तिसराच असू शकतो! आणि डाख? दोन नळ्यांमधली पट्टी बहुधा कथलाच्या डाखानेच बसवलेली असते. एक मणी चिकटवायला उष्णता द्यायची आणि अख्खी पट्टीच सुटायची.

हिरव्या दिव्याबद्दल तर बोलायलाच नको. छर्ऱ्याची बंदूक चालवताना नजर लक्ष्यावर ठेवायची असते, माशीवर नाही. माशी फक्त कडेने सांगते की दस्त्यावर गाल नीट टेकलाय की नाही. डोळे खेचून घेणारी माशी म्हणजे दर मिनिटाला वाजणारं नोटिफिकेशन.

"मग नसलीच तर काय बिघडलं?" असंही कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण उघड्या भोकात कोकणातला पावसाळा शिरतो, आणि गंजाला लायसन्स लागत नाही.

मुख्य म्हणजे हे काम आपलं नाहीच. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना सांगितलाय. मी त्याचा अर्थ साधा घेतो: ज्याचं काम त्याने करावं. परवानाधारक कारागीर आधी आटा मोजेल, मग लेथवर तस्सा पितळी मणी कातून देईल. मण्यापेक्षा मजुरी जास्त होईल. होऊ दे की! आपण तासाचे पैसे घेतो तेव्हा कीबोर्डची किंमत लावतो का?

आम्हाला चुकलं की मागे जायची सवय. कालची आवृत्ती परत आणली, संपलं. पणजोबांच्या बंदुकीला कालची आवृत्ती नाही. एक भोक वाकडं पडलं की ते माझ्या नातवालाही वाकडंच दिसणार.

काका अजून रुसलेत. असो. ड्रिल मात्र मी पुण्याला घेऊन आलोय!