कंट्रोल कोणावर?

शेतकरी बंधूंनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात रेशनच्या दुकानाला अजूनही 'कंट्रोल' म्हणतात. "कंट्रोलचे गहू आले का?" असं आपण सहज विचारतो. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. भाव भडकले, साठेबाजी माजली. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने गेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणं उठू लागली, पण भाव चढले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा लावावी लागली. गरिबाच्या ताटासाठी कंट्रोल लागतो, हे त्यातून दिसलं.

१९६५ हे पाकिस्तानशी युद्धाचं आणि धान्यटंचाईचं वर्ष. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ उपवास करायला सांगितलं. त्याच वर्षी अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोगही उभा राहिला. खाणाऱ्याला धान्य द्यायचं तर पिकवणाऱ्याला भाव द्यावा लागतो, हे तेव्हा सरकारने मान्य केलं.

आज तेच विसरलं जातं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, जगात गहू महागला. त्यात इकडे उन्हाने पीक घटलं. १३ मे २०२२ रोजी निर्यातबंदी आली. जून २०२३ मध्ये गव्हाला आणि आपल्या तुरीलाही साठा मर्यादा लागली. तुरीचा युद्धाशी संबंध नव्हता, उत्पादन कमी होतं. पण हत्यार तेच. भाव चढले की सरकार लगेच धावतं. मग भाव पडले की हमीभावाचं खरेदी केंद्र तितक्याच तातडीने का उघडू नये? आमची मागणी एवढीच आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २०२३ ची ती मर्यादा व्यापारी, दुकानदार, गिरणीवाले यांच्यासाठी होती. कास्तकाराच्या घरातल्या पोत्यांसाठी नव्हती. आवई ऐकून माल घाईने विकू नका. जिथे बाजार समिती शेतमाल तारण योजना राबवते, तिथे तूर-सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. नड भागते, मालही हातात राहतो.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही गावातल्या दुकानाचा भाव-साठा फलक पाहावा, दक्षता समितीची बैठक कागदावरच उरकू नये. कंट्रोल मापावर हवा, वाटपावर हवा. एकट्या कास्तकाराच्या मानेवर नको.