बदलीवाल्याची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक चढतात. फोटो, त्याखाली टक्के. आमच्या मंडळीतही त्याच सुमारास गुणगौरव असतो. उपासना संपली की नव्वदच्या वरची मुलं पुढे बोलावली जातात, पाळकसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मागच्या बाकावर नापास झालेला एक मुलगा आईशेजारी मान खाली घालून बसला होता. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. फलक लावणारे आणि टाळ्या वाजवणारे आम्ही, दोघेही एकच गोष्ट मानतो: माणसाची खरी ओळख म्हणजे त्याचं कर्तृत्व. हे मत मला चुकीचं वाटतं, आणि ख्रिस्ताच्या नावाने जमणाऱ्यांनी ते मानावं हे तर मला सहनच होत नाही.

या मताची बाजू लंगडी नाही. ज्यांना या समाजाने जन्मावरून हिणवलं, त्यांनी कर्तृत्वाच्या बळावरच मान वर केली. परळच्या बीआयटी चाळीत राहून डॉ. आंबेडकरांनी जे उभं केलं, त्यापुढे जन्माचा अभिमान किती पोकळ ठरतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. जन्म की कर्तृत्व, एवढंच विचारलंत तर मी कर्तृत्वाच्याच बाजूला उभा राहीन. पण कर्तृत्व हाताशी असेपर्यंतच ही ओळख टिकते. काम सुटलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, नापास झालेल्या माणसाचं काय, याचं उत्तर तिच्याजवळ नाही.

मुंबईत कोणी ‘कुठे असता?’ असं विचारलं, तर त्याला पत्ता नको असतो, नोकरी हवी असते. माझे वडील गिरणीत असत, साचेखात्यात. पहिली कित्येक वर्षं बदली. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परतायचं. पुढे ते कायम झाले. आणि मग 18 जानेवारी 1982 उजाडला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. ‘कुठे असता?’ या प्रश्नावर आमच्या चाळीतले धडधाकट पुरुष गप्प होऊ लागले. भाजी विकणं, वॉचमनकी करणं यांपेक्षा ते गप्प होणं त्यांना जास्त जड गेलं, हे मी जवळून पाहिलं आहे.

वडील मात्र त्या काळात मत्तयाच्या विसाव्या अध्यायाकडे पुन्हा पुन्हा वळायचे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि अखेर अकराव्या तासालाही. दिवसभर कोणी कामावर घेतलं नाही म्हणून उभे राहिलेले मजूर, म्हणजे बदलीवालेच. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते आणि पहाटे आलेले कुरकुरतात. शिकलेली माणसं हा दाखला वाचून म्हणतात, हा अन्याय आहे. गेटवरून डबा घेऊन परतलेल्या माणसाला तसं वाटत नाही. घरी पोरं असतात, त्यांची भूक अर्ध्या दिवसाची नसते, हे त्याला ठाऊक असतं. दाखल्यातला धनी तासांचा हिशेब करत नाही, समोरच्या माणसाकडे पाहतो. ख्रिस्ती माणूस ज्याला कृपा म्हणतो ती हीच.

यावर विवेकवादी मित्र म्हणतात, हा हरलेल्यांचा दिलासा आहे; ज्याच्या पदरी यश आहे त्याला याची गरज काय? याचं उत्तर गिरगाव चौपाटीवर आहे. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी तिथे शारदा सदन उघडलं. तेव्हा त्यांच्याजवळ काय नव्हतं? कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, हंटर आयोगापुढची साक्ष, अमेरिकेत गाजलेलं इंग्रजी पुस्तक. बाप्तिस्माही 1883 मध्ये इंग्लंडात झालेला. तरीही 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या हातून काही होण्यासारखं नाही, जशी आहे तशी मला त्याने स्वीकारलं आहे, हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगलं. यशाच्या शिखरावरची बाई हे बोलते आहे. तिला हरलेली म्हणायचं कोणाचं धाडस आहे?

दुसरा आक्षेप असा की ओळख फुकट मिळाली तर माणूस आळशी होईल. तो तर रमाबाईंच्या आयुष्यापुढे एक क्षणही टिकत नाही. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्यावर टीकेचं मोहोळ उठलं, शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, लोकमान्यता गेली. त्यानंतर काही वर्षांतच, 1896-97 च्या दुष्काळात, याच बाईने मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवायला घेतलं आणि 1922 मध्ये मरण येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. आधी स्वीकार, मग काम, हा क्रम पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ज्याला स्वतःला सिद्ध करायचं उरलेलं नाही, त्याचे हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात.

खरी अडचण बाहेरच्यांची नाहीच, आमची आहे. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ बापाच्या घरात राहूनही चाकरासारखा हिशेब मांडत बसतो: मी इतकी वर्षं राबलो, मला काय दिलंत? आमच्या मंडळ्यांत हा थोरला भाऊ पुढच्या बाकांवर बसतो. कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणी किती वर्गणी दिली, कोणत्या घराण्याचा बाप्तिस्मा किती जुना. जातही आम्ही पुरती दाराबाहेर ठेवलेली नाही. कृपा शिकवायची आणि टक्के मोजायचे, हे एका छपराखाली चालू शकत नाही.

म्हणून माझी आमच्या पाळकांना आणि पंचांना हात जोडून विनंती आहे. गुणगौरव बंद करा. निकालाच्या संध्याकाळी मंडळीच्या यादीतली नापास मुलं शोधा आणि पहिली भेट त्यांच्या घरी द्या. पेढे घेऊन जा.