जीप उंच झाली, पण थांबते का?

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर तुरीच्या पाहणीला गेलो होतो. पाहणी उरकली तसा घरधन्याचा मुलगा म्हणाला, "साहेब, आता आमची जीप बघा." लिंबाखाली जुनी फोर-व्हील जीप उभी होती. लिलावातली, दहा-बारा वर्षे पडून असलेली. पोराने घरीच इंजिन खोलले, कुजलेला पत्रा बदलला, रंग दिला आणि कमानपाट्यांची जागा बदलून गाडी चार इंच वर घेतली. "आता चिखलात अडकायची नाही," तो अभिमानाने म्हणाला. बाजेवर बसलेले त्याचे वडील म्हणाले, "अडकायची नाही, पण थांबती का, ते बी विचारा साहेब."

म्हाताऱ्याचा हा प्रश्न एका घरापुरता नाही. जिल्ह्यात गावोगाव जुन्या जीप पुन्हा उभ्या राहत आहेत, म्हणून तो इथे मांडतो.

आधी हे सांगितले पाहिजे की जुनी जीप उभी करणे हा पोरखेळ नव्हे. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून ही गाडी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. आपले नगर तर लष्कराचे गाव. पावसाळ्यात शेवगाव-नेवाशाच्या काळ्या रानात किंवा अकोल्याच्या डोंगरवाटेवर दुधाचे कॅन, रोपे, ठिबकच्या नळ्या आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायला अशी गाडी कामाला येते. जो मुलगा घरी इंजिन खोलून जोडतो, तो एक धंदा शिकतो. त्याचे कौतुकच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो उंचीचा. कमानपाटे वाढवून किंवा लांब शॅकल टाकून गाडी उचलली की वर येतो तो फक्त सांगाडा. एक्सल आणि मधला डिफरन्शियल आहे तिथेच राहतो, आणि चिखलात रुततो तो नेमका तोच. डिफरन्शियल वर घ्यायचा तर टायरच मोठे लागतात. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर एक्सल एक इंच वर येतो. म्हणजे चार इंच उंच झालेली जीप मूळच्याच टायरवर असेल, तर काळ्या मातीत ती पहिल्यासारखीच अडकणार. अशा मातीत उपयोग होतो तो चांगल्या नक्षीच्या टायरचा, चालू फोर-व्हीलचा आणि वाफसा येईपर्यंत थांबण्याचा.

उंचीची किंमत मात्र लगेच मोजावी लागते. साधे गणित करा. समजा, दोन चाकांमधली रुंदी ४८ इंच आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. अशी गाडी ४५ अंश कलली की उलटते. मध्य चार इंच वर गेला की ती साधारण ४०-४१ अंशांवरच उलटते. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात पाटे लवतात, माल सरकतो, मागे माणसे उभी असतात. त्यामुळे गाडी त्याच्या बरीच आधी जाते. बांधावरून तिरपे उतरताना किंवा घाटाच्या वळणावर हे चार इंच जीवावर बेततात.

दुसरे, ब्रेक आणि स्टेअरिंगचे. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये पाटे एक्सलखालून जातात. ते वरून घेतले की गाडी एकदम उचलली जाते, पण ब्रेकचा रबरी पाइप लांबीला अपुरा पडतो. खड्ड्यात चाक लोंबकळले की पाइप ताणतो, एखाद दिवशी तुटतो. या गाड्यांत बहुधा चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप तुटला की सगळे ब्रेक गेले. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढल्याने क्रॉस लवकर जातात. स्टेअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकही जास्त लागतो.

म्हणून पैसा कुठे आधी घालायचा, याचा क्रम ठरवा. पहिला खर्च चॅसीवर. पाट्यांच्या बैठकीजवळ हातोडी मारून पाहा. बद्द आवाज आला तर गंज आतपर्यंत गेलेला आहे. जिथे ओलसर खताच्या गोण्या ठेवल्या, तिथला पत्रा आधी जातो, हे आपल्याला नवीन नाही. दुसरा खर्च ब्रेकवर: मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सगळे पाइप. तिसरा स्टेअरिंग आणि टायरवर. रंग आणि उंची शेवटी. पाट्यांचे बुश बदलले, दबलेले पाटे मिस्त्रीकडून पुन्हा बाकदार करून घेतले, की मूळची उंची परत मिळते. बऱ्याच जणांना तेवढी पुरते.

घरी काम करताना दोन गोष्टी विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, भक्कम ठोकळे लावा. आणि विलीज घडणीच्या जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डिंगआधी ती काढून लांब ठेवा, बॅटरीची तार सोडा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. "आपण तर रानातच फिरवतो" हा बचाव टिकत नाही. लोकांना जायचा हक्क आहे ती पाणंदही कायद्याने सार्वजनिक जागाच. तेव्हा सामान आणण्याआधी नगरच्या किंवा श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात कागद दाखवा. अपघात झाल्यावर विमा कंपनीही हेच कागद मागेल.

नगरमध्येच वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिथे लष्करी गाड्या चाचणीच्या मार्गांवर फिरवून पारखतात. आणि आपण लिंबाखाली बदललेली गाडी त्याच संध्याकाळी माणसे भरून बाजाराला नेतो! निदान रिकाम्या शेतात, सावकाश, आधी ब्रेक तरी तपासा.

शेवटी दोन शब्द सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना. पोरांना गाड्या उंच कराव्या वाटतात, कारण रस्ते खाली गेले आहेत. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. आपल्या गावातून किती प्रस्ताव गेले आणि किती रस्ते झाले, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे, तहसीलदारांकडे दाद मागता येते. पाणंद मुरमाची झाली तर जीप चार इंच उचलायची गरजच उरणार नाही.

त्या पोराने पुढच्या खेपेला सांगितले, "साहेब, ठोकळे काढले. आता ब्रेकचे पाइप घालतोय." वडील काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनीच सांगितला.