विश्लेषण : चाळिशीनंतर सांधे का आखडतात? डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना गुडघा धरतो, खांदा वर जात नाही. चाळिशी-पन्नाशीतील अशा तक्रारी अनेक घरांत ‘वय झाले’ या दोन शब्दांवर संपतात. त्यातली काही दुखणी घरच्या घरी सांभाळता येतात. काहींमध्ये मात्र दोन-तीन महिन्यांचा उशीरही सांध्यांचे कायमचे नुकसान करू शकतो. हा फरक कसा ओळखायचा?

चर्चा आता का?

रजोनिवृत्तीच्या काळातील सांधेदुखीकडे वैद्यकशास्त्राने बराच काळ फारसे लक्ष दिले नव्हते. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वोंडा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘क्लायमॅक्टेरिक’ या नियतकालिकातील लेखात या तक्रारींना एकत्रित नाव दिले. मराठीत त्याला ‘रजोनिवृत्तीचे स्नायू-अस्थी लक्षणसंकुल’ म्हणता येईल. त्या लेखानुसार या टप्प्यातून जाणाऱ्या ७० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना स्नायू, हाडे किंवा सांध्यांचा त्रास जाणवतो आणि सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांचे रोजचे जगणेच त्यामुळे अडते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक दाह आटोक्यात ठेवण्यास आणि हाडे, स्नायू, कूर्चा टिकवण्यास मदत करते. ते घटले की अंग आखडते, स्नायू आणि हाडांची घनता कमी होते.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षेही संप्रेरकांच्या चढउतारांची असतात. त्यामुळे पंचेचाळिशीतल्या स्त्रीचे दुखणे ‘मनाचे खेळ’ नाहीत, हे या नव्या नावाने ठसवले. पण यात एक धोकाही आहे. पूर्वी सगळे वयावर ढकलले जात होते, ते आता पाळीवर ढकलले जाऊ शकते. कारण आमवात, म्हणजेच र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा आजारही स्त्रियांना बऱ्याचदा याच वयात गाठतो.

हा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. त्यात सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. आमवाताचे रुग्ण त्यामानाने कमी, सुमारे १.८ कोटी होते. त्यांच्यात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते.

महाराष्ट्राला या विषयातील महत्त्वाचे सर्वेक्षण परके नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाअंतर्गत घरोघरी जाऊन पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू किंवा हाडांच्या तक्रारी सांगितल्या. आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला. म्हणजे दुखणारे पुष्कळ आणि तातडीच्या उपचारांची गरज असणारे थोडे. या गर्दीतच गंभीर रुग्ण नजरेतून निसटतात.

सकाळचे आखडणे किती वेळ टिकते?

घरबसल्या तपासता येईल असा हा सर्वात उपयोगी प्रश्न. झिजेच्या संधिवातात उठल्यावर सांधा धरल्यासारखा वाटतो, पण चार पावले चालले, कामाला लागले की साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. मग दिवसभराच्या कामाने, जिन्याने, मांडी घालून किंवा उकिडवे बसल्याने दुखणे वाढते आणि विश्रांतीने कमी होते.

दाहामुळे होणाऱ्या संधिवातात उलटे घडते. आखडणे तासभर किंवा त्याहून जास्त टिकते. विश्रांतीने ते वाढते, हालचालीने कमी होते. सकाळी चहाचा कप धरणे, कणीक मळणे, बटण लावणे जड जाते आणि दुपारपर्यंत हात बरा चालू लागतो. दुपारी बरे वाटते म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबते. आखडणे किती वेळ टिकले, हे सलग दोन आठवडे मोबाइलवर नोंदवून ठेवले तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

कोणता सांधा दुखतो, याला महत्त्व का?

झिजेचा संधिवात बहुधा गुडघे, कंबर, अंगठ्याचे मूळ आणि बोटांच्या टोकाकडील पेरांत दिसतो. आमवातात मनगटे, बोटांची मुळे व मधली पेरे आणि पावलांच्या बोटांची मुळे सुजतात, तीही बहुधा दोन्ही बाजूंची. हस्तांदोलन करताना किंवा कुणी हात दाबला असता बोटांच्या मुळांशी कळ येणे, ही लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे.

पायाच्या अंगठ्याचे मूळ एका रात्रीत लालभडक सुजले तर गाऊटची शक्यता असते. तो मध्यमवयीन पुरुषांत अधिक आढळतो. खांदा हळूहळू जखडत जाणे, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’, चाळीस ते साठ या वयात आणि विशेषतः मधुमेहींमध्ये दिसते. थायरॉइडची कमतरता आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही अंग दुखते. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी तर काही महिने रेंगाळू शकते आणि आमवातासारखी भासते. त्यामुळे अलीकडे ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

उशीर झाला तर काय होते?

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दाह आटोक्यात आला नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडले जाते, बोटे वाकडी होतात आणि झालेले नुकसान औषधाने भरून निघत नाही. हृदय, फुप्फुसे यांनाही धोका असतो. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, ‘युलार’ने, लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि गरज असल्यास तीन महिन्यांच्या आत आजाराला आवर घालणारे औषध सुरू व्हावे, अशी शिफारस केली आहे.

आपल्याकडे हा काळ बाम, शेक, काढे आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांत निघून जातो. संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, हेही खरे. पण पहिली पायरी तालुक्याच्या ठिकाणचा फिजिशियनही ठरू शकतो. सूज आहे का, हे हाताने तपासून तो पुढची चिठ्ठी देऊ शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

त्याच दिवशी : एखादा सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यावर पायावर भार देता न येणे, कंबरदुखीसोबत पायांतील बळ जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांत सांधा निकामी होऊ शकतो.

दोन-तीन आठवड्यांच्या आत : सांध्याला दिसणारी सूज, अर्ध्या तासाहून जास्त टिकणारे सकाळचे आखडणे, एकापेक्षा जास्त लहान सांधे दुखणे, किंवा सांधेदुखीसोबत सोरायसिस, तोंडात वारंवार फोड, डोळे लाल होणे यांपैकी काही. वजन घटणे, बारीक ताप आणि हळूहळू सुजणारा एकच सांधा असेल तर क्षयरोगाचीही तपासणी लागते.

सवडीने, पण नक्की : दुखण्यामुळे झोप मोडते, जिना टाळावा लागतो किंवा आठवड्यातून अनेकदा वेदनाशामक गोळी घ्यावी लागते.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे चिंता मिटली?

नाही. ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो आणि तो पॉझिटिव्ह येऊनही आजार नसू शकतो. ‘अँटी-सीसीपी’ ही तपासणी अधिक नेमकी, पण तीही एकटी पुरेशी नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेले दिसले म्हणून प्रत्येक सांधेदुखी गाऊट ठरत नाही. एक्स-रेमध्ये झीज दिसली तरी दुखण्याचे कारण तीच असेल असेही नाही. निदान लक्षणे, तपासणी आणि रिपोर्ट यांच्या मेळातून होते. त्यामुळे स्वतःहून ‘संधिवात पॅकेज’ करून घेण्यापेक्षा आधी डॉक्टरांना सांधे दाखवणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

गोळ्या आणि पुड्यांचा धोका काय?

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी दुखणे दबते, आमवात थांबत नाही. ती सतत घेतल्यास जठरात व्रण, रक्तस्राव, रक्तदाबवाढ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी अधिक जपावे. लेबल नसलेल्या ‘वातावरच्या’ पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. म्हणूनच त्यांनी दोन दिवसांत जादू होते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकते.

आमवातावरचे मेथोट्रेक्सेट हे जुने, प्रभावी आणि तुलनेने स्वस्त औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. त्याचा वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

झिजेवर इलाज नाही, हे खरे का?

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. पण दुखणे कमी करता येते आणि त्याचा पाया व्यायाम व वजन हाच आहे. चालल्याने गुडघे आणखी झिजतात, हा गैरसमज आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण घटतो. एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे संशोधनात दिसले आहे. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, अशा साध्या व्यायामांनी सुरुवात करता येते. जमिनीवर बसून भाजी चिरणे, निवडणे यांऐवजी ओटा किंवा टेबल वापरल्यानेही फरक पडतो. संप्रेरक उपचारांचा निर्णय मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्वतःचे आणि कुटुंबाचे आजार पाहूनच घ्यावा. केवळ सांधेदुखीसाठी परस्पर घेण्याचे हे औषध नव्हे.

घरात सगळ्यांचे आवरून झाल्यावर स्वतःकडे पाहणाऱ्या स्त्रीची सकाळची वेदना दुपारी विसरली जाते. सहा आठवड्यांची मर्यादा मात्र पहिल्या सुजेपासूनच मोजली जाते. वय हे सांधेदुखीचे एक कारण असू शकते, पण ते निदान नव्हे.